७६ वर्षांचे सासरे, सेसना १७२ आणि १८०० फुटांची गवताची पट्टी... जाऊ द्यावं का?

पावशेर_चिंता:

नमस्कार मंडळी. इथे विमान उडवणारे दोनचार जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं म्हणून विचारतेय. विषय अर्धा घरगुती आणि अर्धा तांत्रिक आहे, कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथेच टाकते.

माझे सासरे (आम्ही सगळे बाबाच म्हणतो) ७६ वर्षांचे आहेत. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले, जन्मभर इंजिनियर म्हणून नोकरी केली आणि चाळिशीत हौसेने विमानाचं लायसन्स काढलं, तेव्हापासून उडवतायत. तिघा मित्रांत मिळून एक सेसना १७२एस आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या नेहमीच्या एअरपोर्टवर डांबरी रनवे आहे, चांगला लांबरुंद, तिथे मी स्वतः मागे बसून आलेय आणि खरंच अलगद उतरवतात, त्यात वादच नाही.

आता झालंय असं की त्यांच्या एका मित्राने पेनसिल्व्हेनियात शेत घेतलंय आणि त्यात स्वतःची गवताची स्ट्रिप केलीये, १८०० फूट. एका टोकाला उंच झाडं अगदी कडेला, दुसऱ्या टोकाला ओढा. बाबांना तिथे उतरायचंय, आणि एकट्याने नाही, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. नातू तर आत्तापासून बॅग भरून बसलाय. नवरा म्हणतो बाबांना कळतं, आपण काय सांगणार. सासूबाई म्हणतात मी सांगून थकले, आता तू सांग. म्हणजे आला चेंडू सुनेकडे.

वयाची काही मर्यादा असते का पायलटला? १८०० फूट पुरतात का? हल्ली त्यांना कानाला यंत्र लागलंय, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, रात्रीची गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलंय (समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात म्हणतात) आणि झोप नीट लागत नाही म्हणून रात्री ती ॲलर्जीची गुलाबी गोळी घेतात. मी उगाच काळजी करतेय का? आणि अपमान न करता हे बोलायचं कसं?

पुण्याचा_पंखा:

ताई, जेआरडी टाटांनी १९८२ मध्ये, म्हणजे १९३२ च्या त्या पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, कराचीहून मुंबईला लेपर्ड मॉथ एकट्याने उडवत आणलं आणि जुहूला उतरवलं. वय ७८!! तुमचे सासरे तर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. जाऊ द्या की.

उडाणटप्पू:

पंखाशेठ, जेआरडींचं उदाहरण मलाही फार आवडतं पण इथे ते लागू होत नाही. लेपर्ड मॉथ हे हलकं, अगदी हळू उतरणारं विमान आणि जुहूचा मुख्य रनवे आज साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, अशा विमानाला तो म्हणजे मैदानच. तिथे आडवी झाडं नव्हती आणि मागे नऊ वर्षांचा नातूही नव्हता.

पावशेर ताई, मी टेक्सासमध्ये फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या पुढचे बरेच असतात, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी नियम. वयाची मर्यादा आहे ती एअरलाइनच्या पायलटला, ६५ वर्षं (२००७ च्या आधी ६० होती, आणि २०२४ मध्ये ६७ करायचा प्रयत्न झाला तो काँग्रेसमध्ये बारगळला). स्वतःचं विमान स्वतःच्या हौसेसाठी उडवणाऱ्याला वरची मर्यादा नाही. दर दोन वर्षांनी इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू करावा लागतो, कमीत कमी एक तास जमिनीवर गप्पा आणि एक तास हवेत, पण त्यात नापास असं काही नसतं, इन्स्ट्रक्टरला पटलं नाही तर तो सही करत नाही एवढंच. पॅसेंजर बसवायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. ती तीनही लँडिंग पाच हजार फुटांच्या रनवेवर केलेली असली तरी कायद्याला चालतात, आणि नेमकी इथेच मेख आहे. कायद्याने बाबा एकदम ठणठणीत असू शकतात आणि तरी आखूड पट्टीवर ते कित्येक वर्षांत उतरलेले नसू शकतात.

आता आकडे. १७२एस चं हँडबुक सांगतं की समुद्रसपाटीला, पंधरा डिग्री तापमानात, वारा नाही, वजन पूर्ण २५५० पौंड आणि रनवे कोरडा डांबरी, तर टेकल्यापासून थांबेपर्यंत ५७५ फूट लागतात, आणि पट्टीच्या तोंडाशी ५० फुटांचं झाड आहे असं धरलं तर झाडावरून येऊन थांबेपर्यंत एकूण १३३५. कोरडं गवत असेल तर त्या ५७५ च्या ४५ टक्के आणखी मिळवायचे, म्हणजे साधारण २६०. झाले १५९५. तुमच्याकडे १८०० आहेत, म्हणजे कागदावर दोनशे फूट उरले. बाबा इंजिनियर आहेत, त्यांनी हा हिशोब केलेलाच असणार आणि म्हणूनच ते निश्चिंत आहेत.

पण ते आकडे नवीन विमान, कंपनीचा टेस्ट पायलट, करकचून ब्रेक आणि वेग नॉटभरसुद्धा (नॉट म्हणजे विमानाच्या वेगाचं माप) जास्त नाही, अशा अवस्थेतले असतात. एओपीएची (विमानमालक आणि पायलटांची अमेरिकन संघटना) सेफ्टीवाली मंडळी सांगतात की हँडबुकच्या आकड्यात निम्मे आणखी मिळवा. ते केलं की होतात २४०० च्या जवळ. १८०० मध्ये बसत नाही, विषय संपला खरं तर, पण तुम्ही वयाबद्दल विचारलंय म्हणून पुढे लिहितो.

मला विचाराल तर वय दिसतं ते वेगात. अनुभवी वयस्कर पायलट विमान वाईट उडवत नाहीत, उलट हात फार मऊ असतो. पण वर्षं जातात तसा प्रत्येकजण अप्रोचला (म्हणजे उतरायला खाली येताना) थोडा थोडा वेग वाढवत जातो, आपलं सेफ्टीसाठी म्हणून, पाच नॉट आपले, पाच वाऱ्याचे, आणि लांब रनवेवर त्याचा काहीच त्रास होत नाही म्हणून सवय पक्की होते आणि ते अलगद उतरणं जे तुम्हाला मागे बसून आवडतं ना ते बऱ्याचदा ह्याच जादा वेगातून येतं, कारण विमान जमिनीलगत तरंगत राहतं आणि मग हळूच टेकतं. हँडबुकमध्ये आखूड पट्टीसाठी वेग ६१ नॉट आहे. ७० ने आलात तर नऊच नॉट जास्त वाटतात पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणजे जवळजवळ ३२ टक्के जास्त ऊर्जा जिरवायचीये. आणि ह्या वेगाला विमान सेकंदाला शंभराच्या वर फूट कापतं. पाच सेकंद तरंगलं की पाचशे फूट गेले. तुमचे शिल्लक किती होते? दोनशे.

त्यात वारा. मागून वारा असेल तर दर दोन नॉटला अंतर दहा टक्क्यांनी वाढतं. अशा खाजगी पट्ट्यांवर बहुतेक वेळा एकाच बाजूने उतरायची रीत असते, झाडांमुळे नाहीतर चढामुळे, मग वारा उलटा असला तरी माणूस 'थोडाच तर आहे' म्हणून येतो.

आणि पट्टी अरुंद असते. आयुष्यभर रुंद रनवे बघितलेल्या डोळ्याला अरुंद पट्टी दिसली की आपण खूप उंच आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली येतो, झाडांच्या दिशेने. मग एकदम झाडं मोठी दिसतात, पॉवर देतो, वेग वाढतो, आणि वरचं सगळं सुरू.

शेवटचा मुद्दा गो-अराउंडचा, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाण्याचा. आम्ही शिकवतो की पट्टीच्या पहिल्या एक तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर विचार करायचा नाही, पॉवर देऊन वर. १८०० चा तिसरा हिस्सा ६००. पण झाड जर खरंच कडेलाच असेल तर हँडबुकमधला टेस्ट पायलटसुद्धा झाडावरून येऊन टेकेपर्यंत ७६० फूट खातो (१३३५ वजा ५७५, करून बघा). म्हणजे आपला नियमच तिथे चालत नाही. अशा जागी परत वर जायचं की नाही हे झाडांच्या आधी ठरलेलं असावं लागतं. टेकल्यावर, ओढा दिसल्यावर, फुल फ्लॅप (उतरताना पंखांचे खाली वाकवलेले भाग) असताना जो वर जायला बघतो त्याचं फार वाईट होतं. त्यापेक्षा ब्रेक दाबून ओढ्यात हळू शिरलेलं बरं, विमान जाईल पण माणसं बहुधा चालत बाहेर येतील.

खडूस_म्हातारा:

मी ७३. कॅलिफोर्नियात असतो आणि आयडाहोच्या डोंगरातल्या पट्ट्यांवर दर उन्हाळ्यात जातो, जॉन्सन क्रीक वगैरे. तेव्हा माझंही ऐका.

सूनबाई, तुमच्या प्रश्नात 'वय' आधी आलं आणि 'पट्टी' नंतर, हे मला जरा खटकलं. टप्पूने जे लिहिलंय ते सगळं तिशीतल्या पोराला पण तसंच्या तसं लागू आहे. तिशीतली पोरं तर आखूड पट्टीवर व्हिडिओ काढायला जातात. ह्या असल्या चर्चा आल्या की मला बॉब हूवर आठवतो. माणूस एअर शोमध्ये दोन्ही इंजिनं बंद करून लूप मारून परत रनवेवर उतरायचा. १९९३ मध्ये एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) त्याचं मेडिकल, म्हणजे उडवायला लागणारं डॉक्टरी सर्टिफिकेट, काढून घेतलं, वय ७१, डोकं चालत नाही म्हणाले. तो ऑस्ट्रेलियाचं लायसन्स घेऊन तिकडे उडवत बसला आणि १९९५ मध्ये मेडिकल परत मिळालं. तेव्हा आकड्यावरून माणूस मोडीत काढू नका.

आता एवढं भांडून झाल्यावर सांगतो की मी काय करतो. मी रात्री उडवत नाही. डोंगरातल्या पट्टीवर दुपारी जात नाही. दर वसंतात, नियम दोन वर्षांचा असला तरी, एका इन्स्ट्रक्टरला पैसे देऊन माझ्यावर ओरडायला लावतो, आणि तो मला न विचारता इंजिनची पॉवर काढतो. नवीन पट्टी असेल तर पहिल्यांदा तिथे गाडीने जातो आणि पायी चालतो. अहो खरंच चालतो, टोकापासून टोकापर्यंत. मालक जे १८०० सांगतो ते बऱ्याचदा १६०० निघतात, कारण शेवटचा तुकडा मऊ असतो किंवा तिथे खड्डे असतात, आणि झाडं मालकाच्या सांगण्यापेक्षा उंच असतात कारण ती वाढतात.

आणि एक सांगू का, आम्हा म्हाताऱ्यांना एफएए जमिनीवर आणत नाही, इन्शुरन्सवाले आणतात. सत्तरी ओलांडली की प्रीमियम चढतो, नवीन कंपनी दारात उभी करत नाही, जुनी म्हणते दरवर्षी रिव्ह्यू करा. बाबांची पॉलिसी मागून वाचा, खाजगी गवताच्या पट्टीबद्दल काय लिहिलंय, नातवासकट. तिघांत विमान आहे म्हणालात ना, तर उरलेल्या दोघांनाही ह्यात मत आहे.

बाकी पोराला पहिल्या फेरीला नेऊ नये ह्यात मला शंका नाही. कुणालाच नेऊ नये. पहिली फेरी एकट्याने, टाकी अर्धी.

गोळ्या_औषधं:

मी डॉक्टर आहे पण विमानवाली नाही, साधी फॅमिली फिजिशियन, ओहायोत. बेसिकमेडचे फॉर्म मात्र माझ्याकडे येतात. (ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: २०१७ पासून खाजगी पायलटला एफएएच्या डॉक्टरकडेच जावं लागत नाही, आधी कधीतरी ते मेडिकल झालेलं असेल तर दर चार वर्षांनी कुठल्याही लायसन्सवाल्या डॉक्टरकडून तपासणी आणि दर दोन वर्षांनी एक ऑनलाइन कोर्स, एवढं पुरतं.) चार वर्षांत ७२ चा माणूस ७६ चा होतो आणि मधे कोणी विचारत नाही, हे मला फॉर्मवर सही करताना दर वेळी टोचतं.

मला मूळ पोस्टमधली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटली ती गोळी, आणि ती अगदी शेवटी सहज लिहिलीये. इथे दुकानात मिळणारी गुलाबी ॲलर्जीची गोळी म्हणजे बहुतेक वेळा डायफेनहायड्रामीन. झोपेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत पण तेच असतं. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी अमेरिकन सरकारी संस्था) २०१४ मध्ये मृत पायलटांच्या रक्तचाचण्यांचा अभ्यास काढला होता, त्यात गुंगी आणू शकणाऱ्या औषधांत सगळ्यात जास्त सापडलेलं हेच होतं. गांजा नाही, ही बिनप्रिस्क्रिप्शनची गोळी. एफएए सांगते की ही घेतल्यावर ६० तास उडवू नका. रोज रात्री घेत असतील तर सरळ अर्थ असा की ते कधीच उडवायला योग्य नसतात, आणि त्यांना ते माहीत नसेल ही शक्यताच जास्त. वयस्कर माणसाच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, शिवाय ह्या वयात विसरणं, गोंधळणं, लघवी अडणं ह्यासाठी आम्ही ती एरवीही नको म्हणतो. आधी ती बंद करा, म्हणजे त्यांच्या डॉक्टरला विचारून झोपेसाठी दुसरं काही बघा. विमानाचा विषय न काढता पण हे करता येईल.

दिवे दिपतात म्हणतात ते मोतीबिंदू असू शकतो. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून उतरताना तोच त्रास होणार. ऑपरेशन करून घेतलं तर पुष्कळ पायलट मस्त परत उडवतात, त्यात घाबरण्यासारखं नाही.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचं असं आहे की खालचा भाग वाचायचा असतो. मान जराशी वर राहिली आणि डोळे खाली गेले की समोरची जमीन त्या वाचायच्या भागातून दिसते, धूसर आणि अंतर चुकीचं. जमिनीपासून किती वर आहोत हा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा असतो म्हणून हे महत्त्वाचं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डियाला डेल्टाचं एमडी-८८ रनवेच्या आधीच आपटलं, त्यात कॅप्टनने एका डोळ्याला लांबची आणि एका डोळ्याला जवळची अशी मोनोव्हिजन कॉन्टॅक्ट लेन्स घातली होती आणि त्याला उंचीचा अंदाज आला नाही असं एनटीएसबीने म्हटलं. ते एअरलाइनचे पायलट, वयाने बाबांपेक्षा कितीतरी लहान. तेव्हा चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगायचं की मी विमान उडवतो, माझं पॅनल इतक्या अंतरावर आहे, त्याप्रमाणे करून द्या.

आणि खडूस काकांना दिलासा म्हणून: स्टॅनफर्डच्या लोकांनी ४० ते ६९ वयाच्या ११८ पायलटांना तीन वर्षं सिम्युलेटरवर तपासलं होतं (२००७ मध्ये छापून आलं). सुरुवातीला वयस्कर लोकांचे मार्क थोडे कमी होते, पण तीन वर्षांत त्यांची घसरण उलट कमी झाली, आणि ज्यांचं प्रशिक्षण जास्त ते जास्त टिकले. पण त्यातला सगळ्यात मोठा माणूस ६९ चा होता हे पण लक्षात घ्या. नंतरच्या एका सिम्युलेटर अभ्यासात असं दिसलं की धुक्यामुळे नीट दिसत नसताना उतरायचंच असा निर्णय वयस्कर पायलट जास्त वेळा घेतात. हात चालतो, प्रश्न 'नको, परत जाऊ' म्हणण्याचा आहे, जे टप्पूंनी पण लिहिलंय.

पुण्याचा_पंखा:

बरं बाबा, जेआरडी मागे घेतले. पण मग नेपाळात लुक्लाचं काय? ती पट्टी ५२७ मीटर म्हणजे १७०० फुटांच्या आसपास आहे, एवरेस्टच्या वाटेवर, आणि तिथे रोज ट्विन ऑटर उतरतात. मी बसून गेलोय, डोळे मिटून.

उडाणटप्पू:

लुक्ला चढावर आहे, जवळजवळ १२ टक्के चढ. उतरताना डोंगर चढताना विमान आपोआप थांबतं आणि निघताना उतारावरून वेग घेतं. आणि तिथे जाणारे पायलट त्या एका पट्टीसाठी खास तयार केलेले असतात, दोघं असतात, आठवड्यात किती वेळा जातात. तरीही २००८ मध्ये एक ट्विन ऑटर पट्टीच्या तोंडाशी आपटून १८ माणसं गेली, ढग आले होते. आपल्या बाबांची पट्टी सपाट आहे, आणि वर्षातून दोनदा जाणार.

पण तुमच्यामुळे एक राहिलेली गोष्ट आठवली, थँक्यू. ताई, ही जास्त महत्त्वाची आहे. सगळे उतरण्याबद्दल बोलतोय आणि निघायचं कोणी बोललं नाही. १७२एस ला पूर्ण वजनावर, समुद्रसपाटीला, टेकऑफला जमिनीवरून ९६० फूट लागतात आणि ५० फुटांचं झाड ओलांडेपर्यंत १६३०. कोरड्या गवतासाठी ९६० च्या १५ टक्के, १४४. एकूण १७७४. पट्टी १८००. सव्वीस फूट उरले!! आणि हे पंधरा डिग्रीला, जुलैत पेनसिल्व्हेनियात कुठून आणायची पंधरा डिग्री. म्हणजे झाडांच्या बाजूने निघावं लागलं तर, उतरणं एकवेळ जमून जाईल आणि परत निघता येणार नाही अशी ती जागा आहे. दुपारी जेवण करून, पोट भरून, नातू आणि मित्राने दिलेली मक्याची पोती घेऊन निघाले की झाडं समोर.

वजन कमी केलं की हे आकडे पुष्कळ खाली येतात. एकटे, अर्धी टाकी, सकाळचा गारवा, समोरून थोडा वारा, तर जमण्यासारखं आहे. म्हणून खडूस काका म्हणतात ते बरोबर आहे.

खडूस_म्हातारा:

बघा, म्हणजे नातू बसला की तेवढं वजन वाढतं. बाबांना वयावरून काही बोलूच नका. हा १७७४ चा हिशोब त्यांच्याकडूनच करून घ्या. 'बाबा, निघताना किती लागतं हो?' एवढंच विचारा आणि हँडबुक पुढे ठेवा. इंजिनियर माणूस आहे, स्वतःच्या हाताने आलेलं उत्तर तो नाकारणार नाही. माझ्या सुनेने मला 'तुमचं आता वय झालं' म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो असतो.

पावशेर_चिंता:

सगळ्यांचे खूप आभार. गोळीचं वाचून मी तर हादरलेच, तेच औषध निघालं, पाकीट बघितलं. सासूबाईंनी त्याच दिवशी उचलून ठेवलं आणि बाबांनी आकांडतांडव केलं की दुकानात मिळते ती गोळी, ती काय विष आहे का. मग मी डॉक्टर ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, ६० तास ऐकल्यावर गप्प झाले. त्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये, डोळ्यांची पण.

टेकऑफचा हिशोब काकांनी सांगितला तसाच विचारला. बाबा हसले, म्हणाले सोपं आहे, आणि मग बराच वेळ कागद घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले की मुलाला आपण गाडीने आणू, मी विमानाने येतो. म्हणजे अर्धं झालं. पण जायचं ते जायचंच आहे. इन्स्ट्रक्टर घेऊन आधी सराव करा म्हटलं तर म्हणतात ३५ वर्षं उडवतोय, आता मला कोण शिकवणार, आणि तो इन्स्ट्रक्टर पंचवीस वर्षांचा पोरगा आहे. ह्याला काय म्हणू?

उडाणटप्पू:

पंचवीस वर्षांचा पोरगा हा खरा प्रश्न आहे, हसू नका. तो त्यांना 'सर सर' करत राहणार आणि काही बोलणार नाही, आणि बाबा त्याला गोष्टी सांगत बसणार. पांढऱ्या केसांचा इन्स्ट्रक्टर शोधा, गवतावर उडवणारा, टेलव्हीलवाला (शेपटीखाली चाक असलेली विमानं उडवणारा) असेल तर उत्तम, पेनसिल्व्हेनियात असे पुष्कळ आहेत. 'शिकवायला' हा शब्दच काढू नका. त्या भागातल्या पट्ट्या माहीत असलेला माणूस सोबत घेतोय असं म्हणा.

सराव कसा करायचा तेही लिहितो, कारण नुसतं जाऊन चार लँडिंग करण्यात अर्थ नाही. त्यांच्याच लांब रनवेवर, कडेला दोन खुणा ठरवायच्या, १८०० फुटांच्या अंतराने (रनवेवरचे ते पांढरे पट्टे १२० फुटांचे आणि मधली रिकामी जागा ८० ची असते, म्हणजे एक जोडी दोनशे फूट, नऊ जोड्या मोजल्या की झालं). पहिल्या खुणेवर ५० फुटांचं झाड आहे असं समजून त्यावरून यायचं आणि दुसऱ्या खुणेच्या आत पूर्ण थांबायचं. ६१ नॉट, वर नाही खाली नाही. इन्स्ट्रक्टरने वेगाचा काटा बघत मोठ्याने आकडा म्हणायचा. आणि मधेच, न सांगता, एकदा शेवटच्या क्षणी 'वर' म्हणायचं आणि बघायचं की हात किती लवकर हलतो. पट्टी खोटी आहे म्हणून चुकलं तरी पुढे रनवे शिल्लक आहे.

माझा अनुभव असा की पहिल्यांदा बहुतेक जण दुसऱ्या खुणेच्या पलीकडे जाऊन थांबतात, कुठल्याही वयाचे. तिथे मग कोणालाच काही सांगावं लागत नाही.

गोळ्या_औषधं:

आणि कानाचं यंत्र हेडसेटच्या आत शिट्टी मारत असेल तर ऑडिओलॉजिस्टला सांगा, ते सेटिंग बदलून देतात. काढून ठेवून उडवतात बरेच जण, तसं करतायत का विचारा. स्टॉलचा हॉर्न (वेग फार कमी झाला की वाजणारा इशारा) उंच आवाजाचा असतो, आणि वय झालं की आधी तेच आवाज जातात.

पावशेर_चिंता:

काढूनच ठेवतात! आत्ताच विचारलं. बरं एक शेवटचं, मित्र म्हणतोय सकाळी सात वाजता या, वारा अजिबात नसतो तेव्हा. ते बरं ना?

खडूस_म्हातारा:

वारा नसतो पण दव असतं. ओल्या गवतावर ब्रेक शोभेला असतात, चाकं नुसती घसरतात, आणि वर लिहिलेला तो सगळा हिशोब कोरड्या गवताचा आहे. मित्राला म्हणावं साडेनऊ-दहाला पट्टीवर अनवाणी चाल आणि पाय कोरडे राहिले तर फोन कर. तोवर बाबांनी घरी चहा प्यावा.

उडाणटप्पू:

+१. आणि गवत केव्हा कापलंय तेही विचारा, घोट्याच्या वर असेल तर उतरायला बरं पण निघायला भारी. कापून घ्यायला सांगा, मित्रच आहे.

पावशेर_चिंता:

सांगते. इन्स्ट्रक्टर मिळालाय एक, ६८ वर्षांचा, शनिवारी भेटायचंय. बाबा म्हणतायत 'पोरगा बरा वाटला फोनवर'.